कळा आणायची तारीख ठरली, दुखण्याचं काय ठरलं?

‘सकाळी हलकं खाऊन या, कळा आणायला औषधाचं जेल ठेवायचंय,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की त्या रात्री घरात बॅग भरली जाते. गाऊन, टोपडी, दुपटी, जुन्या सुती साड्यांचे तुकडे, थर्मास, फाइल, आधार कार्ड. दुखणं कमी करायला काय करायचं, हे मात्र कुणालाच सुचत नाही. ते सुचतं पहाटे तीनला, लेबर रूममधून ‘माय वं, आते सहन व्हत नही’ असा आवाज आला की. तोवर भुलीचे डॉक्टर तीस-चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या गावी सिझरला गेलेले असतात.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या लेबर रूममध्ये माझी वीसहून जास्त वर्षं गेली. माझं स्वतःचं पहिलं बाळंतपणही कळा आणून झालं. मी सिस्टर असूनही मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. आपसूक कळा सुरू होतात तेव्हा घर बेसावध असतं, त्याला इलाज नाही. कळा आणायच्या असतील तर तारीख, वेळ, दवाखाना सगळं आधीच ठरलेलं असतं. दुखण्याचा बंदोबस्तही आधी करता येतो. सवलत एवढीच आहे, पण मोठी आहे.

या कळा वेगळ्या का वाटतात

दिवस उलटून ४१ आठवडे होत आले, पाणी जाऊन कळा आल्या नाहीत, बीपी वाढलं, साखर आहे, बाळाभोवतीचं पाणी कमी झालं, बाळाची वाढ मागे पडली, अशा कारणांनी कळा आणतात. आत तपासून गर्भपिशवीचं तोंड किती मऊ, किती आखूड आणि किती उघडं आहे ते बघतात. बाळाचं डोकं किती खाली आहे तेही बघतात आणि या सगळ्याला गुण देतात. गुण कमी पडले तर आधी तोंड मऊ करावं लागतं: जेल, मिसोप्रोस्टॉलची गोळी, किंवा रबरी नळीचा फुगा. तोंड तयार झालं की पाणमोट फोडतात आणि सलाईनमधून ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवायचं औषध, सुरू करतात.

आपसूक आलेल्या कळा हळूहळू चढतात. अर्ध्या तासाने एक, मग वीस मिनिटांनी, मग दहा. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. ऑक्सिटोसिनचं सलाईन लागलं की हा चढ पुष्कळदा दोन-तीन तासांतच चढावा लागतो. दहा मिनिटांत तीन-चार कळा याव्यात असाच त्याचा हिशेब असतो, म्हणून मधली विश्रांती कमी मिळते. शिवाय जेलपासून बाळापर्यंतचा प्रवास लांबू शकतो, पहिलटकरणीत तर एक दिवस सहज जातो, कधी दोन. जागरण आणि वारंवार आतून तपासणी यांचा शीण वेगळाच. त्यामुळे ‘माझ्या बहिणीला तर काही लागलं नाही’ ही तुलना डोक्यातून काढून टाका. बहिणीच्या कळा आपसूक आल्या होत्या.

आठवडाभर आधी काय विचारायचं

कळा कुठे आणायच्या हे आधी पक्कं करा. जिथे रात्री-अपरात्री सिझर होऊ शकतं, तिथेच कळा आणाव्यात. गावच्या आरोग्य केंद्रात सलाईन लावून कळा वाढवून घेणं धोक्याचं आहे. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या बायांनी तर तारखेच्या आधीच खाली येऊन राहिलेलं बरं. सातपुड्याच्या घाटात १०८ गाडीत कळा सोसणं हा काही पर्याय नाही.

मग डॉक्टरांना नेमकं विचारा. तुमच्याकडे पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, देतात का? भूलतज्ज्ञ दवाखान्यातच असतात की बाहेरून येतात? रात्री बोलावलं तर किती वेळात पोचतात? त्याचे पैसे वेगळे की पॅकेजमध्ये? दुसरी कोणती इंजेक्शनं ठेवता? सोबत बाई आत येऊ शकेल का? आपल्याकडच्या बऱ्याच खासगी दवाखान्यांत भूलतज्ज्ञ फोनवर येणारे असतात, एकच डॉक्टर चार-पाच ठिकाणी जातात. म्हणून ‘देतो ना आम्ही’ एवढ्या उत्तरावर उठू नका. ‘मंगळवारी रात्री अकराला मिळेल का?’ असं विचारा.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या आणि ने-आण फुकट आहे. वेदनाशामक सोय मात्र प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे भूलशास्त्राचा विभाग असतो, तेव्हा नाव नोंदवतानाच चौकशी करा.

एक कागद तयार ठेवा. त्यावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी घेतलं, पूर्वी भूल दिली तेव्हा काही त्रास झाला का, मणक्याचं ऑपरेशन, औषधाची अॅलर्जी आणि प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, ताजा आकडा लिहा. बीपी वाढलेल्या बाईच्या प्लेटलेट झपाट्याने उतरू शकतात. तिचा महिन्यापूर्वीचा रिपोर्ट उपयोगाचा नाही.

आणि हो, बांगड्या. ओटी भरताना घातलेल्या हिरव्या चुड्याच्या हातात सुई खोचायची वेळ आली की मी आधी कात्री शोधते आणि मग सासूबाईंचा चेहरा बघते. एका हातातल्या घरूनच उतरवून या. सलाईन त्या हाताला लावतील, दुसऱ्या हाताला चुडा राहू द्या.

जेलची रात्र

जेल ठेवल्यावर अर्धा तास पडून राहायला सांगतात. मग ओटीपोटात पाळीसारखं, पण जास्त, दुखायला लागतं. हे दुखणं फसवं असतं. कळ धड येत नाही, धड जात नाही, आणि तपासलं तर तोंड जेमतेम एक बोट. पुष्कळ मुली इथेच खचतात: ‘आत्ताच एवढं, तर पुढे कसं?’ पुढचं याच्या सरळ पटीत मोजायचं नसतं. जेलचं दुखणं औषधाच्या चुरचुरीचंही असतं, ते बरेचदा ओसरतं.

या टप्प्यावर झोप हेच मोठं औषध. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. पाणमोट शाबूत असेल आणि सोय असेल तर कोमट पाण्याने अंघोळ करा. मग दिवा मालवून कुशीवर पडा, नातेवाइकांना घरी पाठवा. दर दहा मिनिटांनी ‘कळ आली का?’ विचारणारी चार माणसं कळेपेक्षा जास्त दमवतात. घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र बाळ होईपर्यंत चालणार नाही, त्याने पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी आकसू शकते. कुणी गरम दुधातून एरंडेल आणलं तर हात जोडून परत पाठवा. आधीच जेल आहे, त्यात जुलाब लागले तर अंगातलं पाणी जाईल.

पाण्याचं मुद्दाम सांगते. वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात जातो. त्या दिवसांत लेबर रूममधली बाई दोन तासांत सुकते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घोट घोट पाणी, ताक, लिंबूपाणी, थोडी खिचडी, एखादं केळं घ्या. शेवभाजी नंतर.

फुग्याचं एक बरं असतं: त्यात औषध नसतं. तो आत ताण देतो, बसवताना खुपतं, पण कळा एकदम भडकत नाहीत. आधीचं सिझर असलेल्या बाईला मिसोप्रोस्टॉल देत नाहीत, तिथे फुगाच जास्त बरा ठरतो.

सुईविना जे करता येतं

याला कुणी हलकं समजू नये. सलाईन, बाळाच्या ठोक्यांचा पट्टा आणि सुई यांमुळे बाई पलंगाला बांधल्यासारखी होते, आणि उताणी पडून कळ सोसणं हा सगळ्यात वाईट प्रकार. सलाईनच्या स्टँडसह पलंगाशेजारी उभं राहता येतं. पलंगाचा कठडा धरून पुढे वाका. उशी छातीशी घेऊन खुर्चीवर उलटं बसा. डाव्या कुशीवर वळा. पाठीत कळ जात असेल तर हातापायांवर ओणवं राहा. बाळाचे ठोके चांगले असतील तर सिस्टरला सरळ विचारा, ‘उठून बसू का?’ बहुतेक वेळा हो म्हणतात. कुणी विचारतच नाही.

सोबतीची बाई ही सोय फुकट असून तिचा गुण खरा आहे. सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाला सोबतीण आत ठेवायला केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६मध्ये परवानगी दिली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी अशी अपेक्षा आहे. आई असो, मोठी जाऊ असो, एकीलाच निवडा, आणि जी घाबरत नाही तिला निवडा. तिचं काम हे: कळ चढताना दोन्ही तळहातांनी माकडहाडाच्या वरच्या भागावर जोर देऊन दाबायचं. चोळायचं नाही, दाबून धरायचं. कळ उतरली की हात काढायचा, पाणी द्यायचं, गप्प बसायचं. कोमट पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून कमरेला ठेवता येते. उन्हाळ्यात कपाळाला ओला पंचाही तेवढाच कामाला येतो.

श्वास नाकाने आत, तोंडाने लांब बाहेर. दहा वर्ग लावून शिकायची गोष्ट नाही, पण कळ नसताना चार दिवस घरी करून बघा. कमरेला चिकटवायचं, विजेचे सौम्य झटके देणारं टेन्सचं यंत्र एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे मिळतं. सुरुवातीच्या कळांना थोडा आधार, त्यापुढे फार आशा धरू नये.

इंजेक्शनं: कोणतं दुखण्याचं, कोणतं नाही

इथे मोठा घोळ आहे. सलाईनमध्ये ड्रोटिन किंवा एपिडोसिन टाकलं की घरचे म्हणतात, ‘दुखण्याचं इंजेक्शन दिलं.’ ती औषधं पिशवीचं तोंड सैल व्हावं म्हणून देतात. ती कळांवरचा उतारा नव्हेत. ‘हे दुखणं कमी करायला आहे का, की तोंड उघडायला?’ असं विचारलंत तर कुणाला राग येऊ नये.

खरी वेदनाशामक इंजेक्शनं म्हणजे ट्रॅमाडॉल, फोर्टविन, कुठे कुठे पेथिडिन. बहुधा खुब्यात देतात, वीसेक मिनिटांत लागू पडतात, दोन ते चार तास टिकतात. धार बोथट होते, कळ जात नाही. बाई कळांच्या मधे डुलकी काढते, हाच त्यांचा खरा फायदा. मळमळ, उलटी, गुंगी हा तोटा, म्हणून सोबत उलटीचं औषधही देतात. ही औषधं नाळेतून बाळापर्यंत जातात. इंजेक्शननंतर दोन-तीन तासांत बाळ झालं तर ते सुस्त असू शकतं, श्वास घ्यायला वेळ लावू शकतं. म्हणून तोंड पूर्ण उघडत आल्यावर सहसा देत नाहीत. जेलच्या लांबलेल्या रात्री मात्र यातलं एखादं फार उपयोगी पडतं.

काही मोठ्या दवाखान्यांत मास्कमधून ओढायचा वायू असतो, निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. असर यायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायला सुरुवात करायची, शिखरावर पोचल्यावर नव्हे. मास्क बाईनेच धरायचा, नवऱ्याने किंवा आईने दाबून धरायचा नाही. गरगरतं, पण सोडला की मिनिटांत उतरतो.

पाठीतलं इंजेक्शन

सगळ्यात चांगला आराम एपिड्युरलनेच मिळतो, यात वाद नाही. आणि सलाईनच्या कळांत त्याचा हिशेब जास्त जुळतो. एपिड्युरलसाठी शिरेत सुई लागते, बीपी आणि बाळाचे ठोके सतत बघावे लागतात. तुम्हाला हे सगळं सलाईनमुळे लागलेलंच असतं. मोकळं हिंडणं आधीच गेलेलं असतं, त्यामुळे गमवायला फार काही उरत नाही.

करतात कसं ते सांगते, कारण भीती न दिसणाऱ्या सुईची असते. पलंगाच्या कडेला बसवतात, पाय स्टुलावर. उशी कवटाळायची, हनुवटी छातीला लावायची, कंबर मांजरासारखी बाहेर काढायची. मी समोर उभी राहून खांदे धरते, माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून कितीजणी बसल्या असतील. आधी बारीक सुईने कातडी बधिर करतात, ती मधमाशी चावल्यासारखी लागते. मग कमरेच्या दोन मणक्यांमधून मोठी सुई, तिच्यातून केसासारखी बारीक नळी आत, आणि सुई काढून घेतात. पाठीत राहते ती फक्त नळी. मधेच कळ आली तर ‘थांबा’ म्हणायचं. डॉक्टर थांबतात. हलायचं तेवढं नाही.

दहा-पंधरा मिनिटं बसवायला, पंधरा-वीस मिनिटं असर यायला. मग नळीतून कमी ताकदीचं बधिर करायचं औषध आणि थोडं फेंटॅनिल हे वेदनाशामक. हल्लीच्या कमी डोसमध्ये पाय जड होतात, पण हलवता येतात. पोट घट्ट झालेलं कळतं, दुखत नाही.

‘चार बोटं उघडल्याशिवाय देत नाही’ हे तुम्हाला ऐकवलं जाईल. तो जुना नियम आहे. कळा सुरू आहेत आणि बाईला हवंय, एवढं पुरतं, अमुक इतकं उघडायची वाट बघायची गरज नाही, असं आज मानतात. मी तर म्हणते, पाणमोट फोडायच्या आणि सलाईन वाढवायच्या आधीच भूलतज्ज्ञांना फोन जाऊ द्या. दुखणं शिगेला गेल्यावर गोल पाठ करून स्थिर बसणं अवघड जातं.

आता तोटे. बीपी उतरू शकतं, म्हणून सुरुवातीला दर पाच मिनिटांनी मोजतात. खाज येते, थंडी वाजते, कधी ताप येतो. लघवीची जाणीव जाते, नळी घालावी लागते. बाळ ढकलायचा टप्पा थोडा लांबतो. दहातल्या एखादीला अर्ध्याच अंगाला असर होतो, मग नळी सरकवून किंवा परत बसवून बघतात. शंभर-दोनशेंत एखादीला नंतर डोकेदुखी होते. नसेला कायमची इजा फार दुर्मीळ.

एपिड्युरलमुळे सिझर वाढत नाही. ‘जन्मभर कंबर दुखते’ हेही खरं नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, बाकीची कंबर बाळ कडेवर घेऊन आणि वाकून अंगावर पाजून दुखते, इंजेक्शन न घेतलेल्यांचीही दुखते. उलट माझ्या डोळ्यांसमोर ‘सिझरच करून टाका’ म्हणणारे नातेवाईक कितीदा आलेत. त्यांना सिझर नको असतं, मुलीचं ओरडणं ऐकवत नसतं. आणि खरंच सिझर करायची वेळ आली, तर त्याच नळीतून जास्त ताकदीचं औषध देऊन बहुतेकदा काम होतं.

प्लेटलेट फार कमी, रक्त पातळ करायचं इंजेक्शन नुकतंच घेतलेलं, कमरेवर जंतुसंसर्ग, खूप रक्तस्राव, अशा वेळी देत नाहीत. मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर भूलतज्ज्ञ आधी बघून ठरवतात. आधीचं सिझर असलं म्हणून एपिड्युरलला मनाई नसते, फक्त लक्ष जास्त ठेवावं लागतं.

कमरेतलं एकदाच द्यायचं स्पायनल वेगळं. झटपट असर, पण दीड-दोन तासांत उतरतं. बाळ जवळ आलेलं असताना किंवा सिझरला ते बरं.

एपिड्युरल मिळत नसेल तर एक गोष्ट तरी विचाराच: ‘सलाईन कमी करता येईल का?’ दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येत असतील तर ते कमी किंवा बंद करायलाच हवं, बाळाला दोन कळांमध्ये दम घ्यायला वेळ लागतो. सोबतीणीने घड्याळ बघून दहा मिनिटांतल्या कळा मोजाव्यात आणि सहा झाल्या की लगेच सिस्टरला हाक मारावी.

सिकलसेल असलेल्यांसाठी

नंदुरबारच्या पावरा, भिल्ल वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. ही बाई दुखणं सोसत बसली, थंडी वाजली, पाणी कमी पडलं, तर तिला सिकलचा झटका येऊ शकतो. तिच्यासाठी वेदनाशामक हा उपचारच आहे. एपिड्युरल तिला चांगलं मानवतं. पेथिडिन टाळतात, त्याने फिट यायची भीती असते. सिकलचं कार्ड फाइलच्या सगळ्यात वर ठेवा आणि भरती होतानाच तोंडाने सांगा. कागद खाली दबून राहतात.

बाळ बाहेर येताना आणि नंतर

शेवटच्या टप्प्यात दुखणं पोटातून खाली, मायांगाकडे उतरतं. चिमटा किंवा व्हॅक्यूम लागणार असेल आणि पाठीतलं इंजेक्शन नसेल, तर त्या भागाची नस बधिर करणारं इंजेक्शन देतात. टाक्याची चीर देण्याआधी आणि टाके घालण्याआधी जागा बधिर झालीच पाहिजे. ‘दोनच टाके आहेत’ म्हणून तसेच घालू देऊ नका. सुई टोचल्यावर दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. दुखलं तर सांगा, आणखी औषध देता येतं. ‘आमना टाइमले हाई काही नव्हतं’ असं मागून कुणी म्हणेल, म्हणू द्या.

बाळ छातीला लागलं की पोटात पुन्हा कळा येतात, दुसरटकरणीला जास्त. आता मात्र ब्रुफेन, डायक्लोफेनॅक चालतात, बीपी, किडनी किंवा दम्याचा त्रास नसेल तर.

एपिड्युरल घेतलेली बाळंतीण दोन-तीन दिवसांत म्हणाली की उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की बरं वाटतं, तर घरी लगेच वारा लागला म्हणून डोकं बांधतात आणि मीठ-मोहरीने दृष्ट काढतात. दृष्ट काढा हवी तर, पण त्याच दिवशी भूलतज्ज्ञांना फोन करा. त्या डोकेदुखीवर इलाज आहे. गोळ्या आणि आराम पुरला नाही तर तिचंच थोडं रक्त पाठीत त्या जागी देतात, आणि बहुतेकींना लवकरच बसवतं. त्यासाठी सुट्टी घेताना त्यांचा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायचा, मोबाइलमध्ये नको, तो घरात चार जणांच्या हातात फिरत असतो.